चिमटामावशी आणि पोस्टमास्तरांची शाल

चिमटामावशीला खरं नाव असणारच, पण गल्लीत ते कोणाला ठाऊक नव्हतं. त्या नावाने हाक मारली असती तर तिने ओ दिली असती की नाही, याचीही शंका आहे. समोर आलेल्या माणसाला ‘कसे आहात’ विचारण्याआधी ती त्याच्या अंगावरचं कापड अंगठा आणि बोटात धरून चोळून बघायची, म्हणून ती चिमटामावशी. दवाखान्यात डॉक्टर सुई टोचत होते तेव्हा तिने त्यांच्या कोटाची बाही उलटी करून पाहिली आणि सांगितलं, "हा आटणार हो. पुढच्या वर्षी कोपरापर्यंत येईल." एकदा चुकीच्या बाजूने सायकल हाकली म्हणून पोलिसाने अडवलं, तर मावशी त्याच्या गणवेशाचं कापड बघून इतकी हळहळली की शेवटी तोच बिचारा ओशाळला. शेजारचे म्हातारे गेले त्या दिवशी मात्र हद्द झाली. सगळे रडत होते, मावशीही मनापासून रडत होती, आणि रडता रडताच तिने त्यांच्यावर पांघरलेल्या चादरीचं टोक चिमटीत धरून शेजारणीच्या कानात सांगितलं, की विणणाऱ्याला घरी जायची घाई होती. कानात सांगितलं म्हणजे सगळ्या गल्लीने ऐकलं.

त्याचं असं आहे, की त्या जिल्ह्यात कोणालाच हळू बोलता येत नाही. घरटी एक तरी माग. पुढच्या खोलीत माग राहतो आणि मागच्या खोलीत, उरलेल्या जागेत, माणसं राहतात. सकाळी वीज आली की मागातले धोटे आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावायला लागतात आणि सगळा जिल्हा खटाक-खटाक करत जागा होतो. त्या आवाजावरून बोलायचं, भांडायचं, पोरांचे पाढे घ्यायचे. बाळं त्याच आवाजात गाढ झोपतात आणि वीज गेली की दचकून उठून भोकाड पसरतात. चार घरांपलीकडे न गेलेल्या गोष्टीला तिथे गुपित म्हणतात.

आणि कापडाला हात लावायची खोडही एकट्या मावशीची नव्हती. त्या जिल्ह्यात दोन माणसं भेटली की आधी एकमेकांच्या कॉलरकडे बघतात आणि मग तोंडाकडे. फक्त बाकीचे नजरेवर भागवायचे आणि मावशीचे हात शिवशिवायचे, एवढाच फरक. तिचं लग्नही या खोडीपायीच जमलं होतं. बघायला आलेल्या मुलाचा सदरा तिने सगळ्यांदेखत चाचपला आणि म्हणाली, "काठाला घट्ट, मध्ये सैल." मुलगा म्हणाला, "मीच विणलाय." ती म्हणाली, "तेच म्हटलं." झालं, पुढची सगळी वर्षं दोघं दोन मागांवर शेजारी शेजारी उभे राहून एकमेकांच्या कापडाला नावं ठेवत राहिले आणि त्यांच्याइतका सुखाचा संसार गल्लीत दुसरा नव्हता. नवरा गेला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून मावशी दोन्ही माग एकटीच चालवते. त्याच्या मागावरचं कापड अजून मध्ये सैल येतं. मुलाने कितीदा म्हटलं की दुरुस्त करून देतो, ती हात लावू देत नाही.

मुलगा जॉबर होता, म्हणजे माग आजारी पडला की ज्याला बोलावतात तो. मागाशी तासन्‌तास बोलेल, पण माणसाशी दोन वाक्यं बोलायची तर घाम फुटायचा. मावशीला त्याच्या लग्नाची काळजी होती आणि त्याला मावशीची. आधी एक स्थळ आलं होतं, तेव्हा मुलीच्या मामांना मावशीने भर बैठकीत उभं केलं आणि पाठीवरची शिवण बघायला गर्रकन फिरवलं. ती मंडळी पाणी पिऊन गेली ती गेलीच.

अशात एक दिवस मुलाच्या डोळ्यात सुताचा कण गेला आणि तो दोन तासांच्या अंतरावरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेला. तिथल्या नर्सने कण काढला. पुढच्या आठवड्यात तो दुसरा डोळा घेऊन गेला, त्यात काहीही नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात गेला तेव्हा नर्सनेच विचारलं, "आता तिसरा कुठून आणलात?" त्यावर तो घामाघूम झाला, ती हसली, आणि वर्षभरात गोष्ट लग्नापर्यंत आली. अडचण एकच होती, ती म्हणजे नर्सचे वडील.

ते निवृत्त पोस्टमास्तर होते. बायको मुलीच्या लहानपणीच गेली. मुलीला एकट्याने वाढवलं, वेण्या घालायलासुद्धा स्वतःच शिकले. मुलीने मुलाला आधीच बजावून ठेवलं होतं, "बाबा घर बघायला येतील आणि जाताना एकदाच काय ते सांगतील. नाही म्हणाले तर नाही. मी काही त्यांना एकटं टाकून पळून येणार नाही, आणि त्यांना रडवून लग्नही करणार नाही." मुलाला ती याच कारणासाठी आवडली होती, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार.

तो आईला म्हणाला, "आई, माझ्यासाठी एवढं कर. ते आहेत तोवर कशाला हात लावू नकोस."

"मला काय लहान पोर समजतोस?" मावशी म्हणाली. तिने त्याचा शर्ट धरून ठेवला होता.

गल्लीने मग ही मोहीम अंगावर घेतली. समोरच्या घरातली कांडीवाली, म्हणजे धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरणारी बाई, मावशीची जिवलग मैत्रीण. तिने मावशीच्या शेजारी बसून तिचा उजवा हात धरून ठेवायचा असं ठरलं. डाव्या हातात बिस्किटांची बशी द्यायची, म्हणजे तोही गुंतेल. सूत रंगवणाऱ्या रंगाऱ्याने आपला तोंडाळपणा ओळखून बैठकीला येणारच नाही असं कबूल केलं, फक्त खिडकीबाहेर उभं राहीन म्हणाला. पाहुण्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून सगळ्या गल्लीने माग बंद ठेवायचं ठरवलं.

तिथेच पहिला घोटाळा झाला. ठरल्या वेळी माग थांबले आणि गल्लीत अशी शांतता पसरली की घराघरातली बाळं एकदम उठून रडायला लागली. टोकाच्या घरातले आजोबा काठी टेकत बाहेर आले आणि विचारू लागले, कोण गेलं. पोस्टमास्तर मुलीचा हात धरून गल्लीत शिरले ते या रडारडीत. उंच, सडसडीत, ताठ मानेचा माणूस. दिवस उकाड्याचा होता, तरी त्यांच्या खांद्यावर लोकरीची शाल होती. गडद तपकिरी, काठाला बारीक जांभळी रेघ.

दारातूनच मावशीने ती शाल पाहिली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

बैठक बसली. कांडीवालीने मावशीचा उजवा हात असा काही घट्ट धरला होता की पाहुण्यांना वाटलं बाईंना बरं नाही. पोस्टमास्तर मोजकंच बोलत होते. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं हाताखालून गेली पण त्यातलं अक्षर वाचलं नाही, असा माणूस. विचारल्याशिवाय बोलायचं नाही हे अंगात मुरलेलं. बाहेर खिडकीशी जमलेली गल्ली मात्र कुजबुजत होती, आणि आज माग बंद होते हे कुजबुजणाऱ्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"शाल झकास आहे," रंगाऱ्याची कुजबुज खोलीत घुमली, "पण सासरा कडक दिसतोय."

"पोरगी हसरी आहे. आईवर गेली असेल," दुसरी कुजबुज आली.

मुलाच्या कपाळावरून घाम ओघळला. मुलगी खोकली. पोस्टमास्तरांनी खिडकीकडे एकदा पाहिलं आणि मग बंद मागांकडे पाहत मुलाला विचारलं, "हे रोज किती वेळ चालतात?"

"दिवसभर," मुलगा म्हणाला. "सवय होते."

"सवय कशाचीही होते," पोस्टमास्तर म्हणाले. "आवडतं का, हे विचारायचं असतं."

मुलाने आईकडे पाहिलं. पण मावशी संभाषणात नव्हतीच. शालीच्या खालच्या काठातून एक धागा सुटून लोंबत होता आणि तिला दुसरं काही दिसत नव्हतं. धागा शालीचा नव्हता. साधा शिवायचा दोरा होता, काळा, आणि त्याच्या टोकाला एक अजागळ गाठ होती. लोकरीच्या शालीत काळा दोरा. मावशीने डोळे मिटले, मनातल्या मनात पाढे म्हटले, बिस्किटांची बशी छातीशी धरली. पोस्टमास्तर पुढे वाकून म्हणाले, "तुम्हीही घ्या ना," आणि कांडीवालीने भिडेखातर बिस्कीट घ्यायला हात पुढे केला. तो तिचा मावशीला धरलेला हात होता.

मावशीचं म्हणणं आजही हेच आहे की तिला तो दोरा फक्त आत खोचायचा होता. असेलही. पण तिच्या बोटांनी तो धरला, त्याच क्षणी पोस्टमास्तर मागे टेकले, आणि सर्रकन आवाज झाला. गाठ सुटली, दोरा सगळाच्या सगळा मावशीच्या हातात आला आणि शालीच्या काठाला तळहाताएवढं भोक उघडं पडलं.

कांडीवालीच्या तोंडातलं बिस्कीट तोंडातच राहिलं. मुलाला वाटलं, आत्ता धरणीने पोटात घ्यावं. पोस्टमास्तर उठून उभे राहिले, शालीचं टोक पुढे घेऊन बघत राहिले आणि त्यांचा चेहरा असा झाला की मुलगी पटकन त्यांच्याजवळ गेली.

"माझ्या बायकोची आहे ही," ते म्हणाले. "चल बेटा. निघू आपण."

इथे कोणत्याही शहाण्या बाईने पाय धरले असते. मावशी म्हणाली, "हे रफू कोणी केलं?"

"आई," मुलगा कळवळून म्हणाला.

"थांब तू. अशा शालीला असा दोरा? चुण्या घालून, गोणीचं तोंड बांधावं तसं? कोणी केलं हे?" रागाने तिचा आवाज नेहमीच्या पट्टीत गेला होता, म्हणजे शेवटच्या घरापर्यंत.

पोस्टमास्तर खाली बघत म्हणाले, "मी."

मावशीने शालीकडे नेलेला हात मागे घेतला.

"कसर लागते," ते म्हणाले. आता थांबता येत नसल्यासारखं ते बोलत होते. "कितीही जपली तरी दरवर्षी कुठेतरी भोक पडतं. रफूवाले म्हणतात दोन दिवस ठेवून जा. मला ठेवून जाता येत नाही. एकदा ठेवली आणि अर्ध्या रस्त्यातून परत फिरलो. मग मीच करतो जमेल तसं."

मुलीला हे माहीत नव्हतं. ती वडिलांकडे नुसती बघत राहिली. मावशीने हातातली बशी खाली ठेवली, तो काळा दोरा बोटाभोवती गुंडाळला आणि म्हणाली, "माझं चुकलं. मी हात लावायला नको होता, पोराला तसं वचन दिलं होतं. तुम्हाला दुखावलं, मला माफ करा." मग थोडं थांबून ती म्हणाली, "पण बघू द्या मला. सोडू नका हातातून. तुम्ही तुमचं टोक धरून ठेवा, मी इकडून बघते."

हे इतक्या सरळपणे म्हटलेलं होतं की पोस्टमास्तर नाही म्हणायचं विसरले. ते शालीचं एक टोक मुठीत धरून खुर्चीत बसले आणि मावशी दुसरं टोक घेऊन उजेडाकडे गेली. बाहेरच्या गल्लीला आता राहवेना. आधी रंगारी आत आला, मग त्याची बायको, मग टोकाच्या घरातले आजोबा, आणि बघता बघता खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. प्रत्येकाने शालीचा जमेल तेवढा भाग धरला. पोस्टमास्तर आपलं टोक सोडत नव्हते.

"हा कोपरा बघ," कांडीवाली म्हणाली. "पिळून पिळून दोरी झालीय. बोलता बोलता टोक पिळायची सवय होती हिला."

"होती," पोस्टमास्तर म्हणाले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. "फोनवर बोलताना."

"उजवा खांदा विरलाय," आजोबा शाल डोळ्यांपाशी नेत म्हणाले. "पट्टा घासलाय इथे. काहीतरी जड घेऊन चालायची बाई."

"पुस्तकं. वाचनालयातून एवढी आणायची की पिशवीचे बंद तुटायचे. आणि वेळेवर एकही परत नाही."

"ठेंगणी होती का हो?" रंगाऱ्याच्या बायकोने विचारलं. "मागचा काठ जमिनीला लागून झिजलाय."

"तुमच्या खांद्याला लागायची," ते म्हणाले. "पण हे तिला सांगायची सोय नव्हती."

लोक हसले. मग तर चढाओढच लागली. हिला थंडी फार वाजायची, बघा, गळ्याशी किती ओढून घेतलीय. इथे बाळ घेऊन बसायची ही, या बाजूला लाळेचे डाग धुतलेत. मुलगी एकदम म्हणाली, "ते माझे," आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. सगळे एकाच वेळी, आपल्या नेहमीच्या पट्टीत, न पाहिलेल्या एका बाईबद्दल काल भेटल्यासारखं बोलत होते. पोस्टमास्तर या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होते, उत्तरं देत होते, मध्येच दुरुस्त्या सुचवत होते. घरात इतकी वर्षं तिचं नाव निघालं की बापलेक दोघंही गप्प व्हायचे. इथे तिच्यावरून आरडाओरडा चालला होता.

इतक्यात रंगाऱ्याने जांभळ्या रेघेतला एक सुटा तंतू जिभेला लावला. रंगारी लोक लावतात, त्यात विशेष काही नाही.

"ही रेघ मूळची नाही," तो म्हणाला. "नंतर घरी रंगवलीय, तीही एकाच बाजूला. आणि खाली डाग आहे. चहाचा."

"शक्य नाही," पोस्टमास्तर म्हणाले. "ही मी तिला दिली होती. पहिल्यापासून रेघ होती."

"दुसऱ्या काठाला होती. बारीक. या काठाला नव्हतीच. बाईंनी चहा सांडला, आणि तुम्हाला कळू नये म्हणून इकडेही रेघ ओढली. हात साफ होता हो त्यांचा."

"मला कधी बोलली नाही."

"नवऱ्याने दिलेल्या शालीवर चहा सांडल्यावर नवऱ्याला कोण सांगतं?" कांडीवाली म्हणाली.

पोस्टमास्तरांनी शाल जवळ ओढून ती रेघ पाहिली. पुन्हा पाहिली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मुलगी घाबरून पुढे झाली, तर ते हसत होते. इतकं, की त्यांना बोलता येईना. "वीस वर्षं," ते कसेबसे म्हणाले, "वीस वर्षं फसवलं मला हिने," आणि पुन्हा हसत सुटले. त्यांचं हसणं बघून आजोबा हसले, आजोबांचं बघून सगळी खोली. मुलगाही हसला, का ते त्याला कळलं नव्हतं. नुकतीच झोपलेली बाळं परत उठली. पोस्टमास्तरांना आज, इतक्या वर्षांनी, बायकोबद्दल एक नवी गोष्ट कळली होती, आणि हे सुख आता आयुष्यात मिळेल असं त्यांनी धरलंच नव्हतं.

या सगळ्या गदारोळात मावशीचं लक्ष फक्त भोकाकडे होतं. भोकाच्या कडेने बोट फिरवत ती धागे मोजत होती, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होती. लोकर कुठली मिळेल, रंग कसा जुळेल, सुई कोणती.

पोस्टमास्तरांनी डोळे पुसले. खोली हळूहळू शांत झाली. निघायची वेळ झाली होती आणि त्यांनी अजून काहीच सांगितलेलं नव्हतं, हे मुलाला आठवलं आणि त्याचं हसू विरलं. मुलीने वडिलांकडे बघायचं टाळलं.

"विहीणबाई," पोस्टमास्तर म्हणाले.

कांडीवालीने चमकून मावशीकडे पाहिलं. मावशीने मान वर केली नाही.

"होईल का नीट?"

"न व्हायला काय झालं?" मावशी म्हणाली. "तासाभराचं काम. बसा तुम्ही चहा घेत, रंगाऱ्याकडून लोकर आणते आणि आत्ता करून देते. आजच न्या."

"आज नको. लग्नात मी हीच अंगावर घेणार आहे. तोवर तुमच्याकडे राहू दे."

मुलाने मुलीकडे पाहिलं, मुलीने तोंडावर हात धरला.

"लग्नापर्यंत?" मावशी भोकातून पलीकडे बघत वैतागून म्हणाली. "अहो, तासाभराच्या कामाला लग्नापर्यंत कशाला? मी काय नवशिकी आहे? शालीवाचून तुमचा जीव राहतो का, आत्ता म्हणालात ना, की ठेवून जाता येत नाही म्हणून—"

कांडीवालीने तिला कोपराने ढोसलं.

मावशीने वर पाहिलं. गल्ली आ वासून तिच्याकडे बघत होती. तिचा मुलगा घामाने निथळत उभा होता आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, इतका तो आनंदला होता. मग तिने शालीवरून नजर नेत नेत पोस्टमास्तरांकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, रिकामे. सगळी शाल तिच्याकडे होती.

मावशीने ती हळूच गोळा करून पोटाशी धरली.

"बरं," ती म्हणाली. "मग सावकाश करते."